बडोद्यात जिकडेतिकडे दिसणारी पिवळी फुलं: ही सगळी सूर्यफुलंच का?

मंजिरी_वासणारोड

नमस्कार मंडळी. प्रश्न कुंडीतल्या झाडाचा नाही, रस्त्याकडेच्या झाडांचा आहे. चालेल ना?

आम्ही मूळचे दांडिया बाजारातले. वाडा गेला, आता वासणा-भायली बाजूला फ्लॅटमध्ये राहतो. इथे इमारती जितक्या तितकेच मोकळे प्लॉट. नवरात्र आटोपलं की त्या प्लॉटांवर पिवळी फुलं येतात आणि संक्रांत झाली तरी हटत नाहीत. छोटंसं सूर्यफूल म्हणावं अशी. शेजारच्या बेन म्हणतात, "ए तो जंगली सूरजमुखी." आमचा वॉचमन डांगातल्या आहव्याकडचा, तो म्हणतो ही खरसाणी. मोबाईलवरच्या ॲपने सकाळी एक नाव सांगितलं आणि संध्याकाळी त्याच झाडाचं दुसरंच. सासूबाईंनी एकदा ओंजळभर फुलं आणून दत्ताच्या तसबिरीला वाहिली आणि थोड्या वेळाने "हा वास कसला गं येतोय?" म्हणत स्वतःच काढून बाहेर ठेवली.

एकदा लक्ष गेल्यावर आता मला ती सगळीकडे दिसतात. पण नीट पाहिलं तर सगळी एकसारखी वाटत नाहीत. मला दिसलं तसं लिहिते.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर भरावाची वाळूमिश्रित माती टाकलेली आहे, तिथली झाडं कंबरेएवढी. पानांना राखाडी झाक, कडा दातेरी. फूल जुन्या रुपयाहून थोडं मोठं, मधला भागही पिवळाच. विश्वामित्रीच्या उतारावर, पुलावरून वाकून पाहिलं तर असंच काहीतरी दिसतं. तिथे खाली उतरून खात्री करायची हौस नाही, मगरी माझ्याआधी खात्री करतील.

सेवासीहून सिंधरोटला जाताना एका फार्महाऊसच्या कुंपणाला मात्र भलतंच प्रकरण आहे. माणसाच्या डोक्यावर जाणारं झुडूप, फूल तळहाताएवढं, पानं बोटं फुटल्यासारखी कापलेली. जवळ गेलं की गोडसर, मधासारखा वास येतो.

आणि चौथं आमच्याच इमारतीखाली, पावसाच्या पाण्याच्या पाइपाशी. वरच्या मजल्यावरचे काका कठड्यावर पोपटांसाठी बी ठेवतात, त्याच्या बरोबर खाली. पानं मोठी, हृदयाच्या आकाराची, हाताला खरखरीत. मधला भाग काळपट. पण एका झाडाला बऱ्याच फांद्या आणि प्रत्येक फांदीला फूल. शेतातल्या सूर्यफुलाला एका दांड्यावर एकच फूल असतं ना?

आता प्रश्न. ही सगळी एकच का? सूर्यफुलं असतील तर सूर्याकडे वळत का नाहीत? प्लॉटवरची तर चारी दिशांना तोंड करून उभी असतात. बी धरून गच्चीवर लावलं तर चालेल का? आणि भरवाड मेंढ्या घेऊन इथून जातो तेव्हा या प्लॉटपाशी काठी आपटत त्यांना पुढे हाकलतो, बाजूच्या प्लॉटवर मात्र निवांत चरू देतो. त्याला विचारलं तर "आ नो खवाय" एवढंच म्हणाला. का नो खवाय?

सेवउसळ_रावपुरा

ताई, सगळी सूर्यफुलंच. खतपाणी मिळालं नाही की झाड खुरटतं आणि फूल लहान येतं. बी धरा, गच्चीवर लावा, पोतंभर झालं की घाण्यावर तेल काढू.

जुनी_रद्दी

रावपुऱ्याचे भाई, तेलाची घाई नको.

मंजिरीताई, तुम्ही इतकं नीट पाहिलं आहे की निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. शिकवायचं काम सरांचं. झाडं उपटून आणायची, रद्दीत दाबायची, वाळवायची, जाड कागदावर शिवायची, हे आमचं. माझं इथलं नाव त्या रद्दीवरून आहे. त्यामुळे माझ्याकडे पुस्तकी शब्द कमी, हाताळणी जास्त.

पहिली गोष्ट, फुलाकडे समोरून बघणं सोडा. सूर्यफुलाच्या कुळातली पिवळी फुलं समोरून सगळी सारखी: मध्ये गोल, भोवती पाकळ्या. मुळात ते एक फूलच नाही. मधला एकेक ठिपका हे एक फूल, आणि आपण जिला पाकळी म्हणतो तीही एक फूलच. झेंडू, शेवंती, करडई आणि आपलं नावडतं गाजरगवतसुद्धा याच कुळातलं. ॲपला तुम्ही समोरून काढलेला फोटो दिलात तर ते बिचारं तरी काय करणार? त्याला पाठ दाखवा.

फूल उलटं करा. पाठीमागे हिरव्या छोट्या पानांची जी वाटी असते तिच्यात खरी ओळख असते. खऱ्या सूर्यफुलात ही पानं रुंद, अंड्याच्या आकाराची, आणि टोकाला एकदम निमुळती होऊन लांब शेपटी काढलेली असतात. कडेला ताठ केस. तुमच्या प्लॉटवरच्या झाडात ती अरुंद, लांबट, मऊ लव असलेली आणि बाहेर फाकलेली सापडायला हवीत. सेवासीच्या झुडपात ती रुंद, बोथट टोकाची आणि एकावर एक तीन-चार थरांत बसलेली असतील, कौलं बसवावीत तशी.

मग पानं. झाडाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत बोट फिरवत जा. खाली पानं समोरासमोर जोडीने आणि वर गेल्यावर एकाआड एक, असा बदल प्लॉटवरच्यात दिसेल. सूर्यफुलातही दिसेल, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. पानाची खालची बाजू बघा. प्लॉटवरच्याची पांढरट राखाडी असेल, बारीक केसांमुळे. देठ खोडाला मिळतो तिथे बऱ्याचदा दोन लहान पाळ्या असतात, कधी नसतातही. पान चुरगाळा आणि हुंगा. सासूबाईंना आला तो वास हाच.

सगळ्यांत पक्की खूण बी. वाळलेलं, तपकिरी पडलेलं एक डोकं तोडून तळहातावर चोळा. बी चपटं निघालं, मधला भाग गडद आणि दोन्ही कडांना पांढरट कागदी पंख, वरच्या टोकाला दोन बारीक काटे, तर शंका संपली. आणखी एक मौज आहे. बाहेरच्या ओळीतलं, पाकळीच्या बुडाशी असलेलं बी वेगळं असतं: सुरकुतलेलं आणि पंखाशिवाय. एकाच डोक्यात दोन तऱ्हेचं बी. शेतातल्या सूर्यफुलात पाकळीखाली बी धरतच नाही, त्या पाकळ्या वांझ, नुसत्या किड्यांना बोलवायला.

माझा अंदाज, प्लॉटवरची झाडं म्हणजे व्हर्बेसिना एन्सेलिऑइडीस. मूळ गाव अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि मेक्सिको. वाळू, भराव, रस्त्याची कड, नदीचा उपसा, जिथे माणसाने जमीन उकरली तिथे ते येतं. गुजरात आणि राजस्थानात भरपूर आहे. मही नदीच्या वाळूत तर ते मजेत असतं. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटांवर याने इतका पसारा मांडला की अल्बट्रॉस पक्ष्यांना घरटी करायला जागा उरेना, तिथे माणसं नेमून ते काढावं लागलं. याच्या मुळापानांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे शेजारी दुसरं झाड नीट वाढत नाही, म्हणून प्लॉट कसा एकसारखा पिवळा दिसतो.

सेवासीचं झुडूप बहुधा टिथोनिया डायव्हर्सिफोलिया. तेही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, पण सूर्यफुलाच्या जातीतलं नव्हे, फार तर चुलत घराण्यातलं. फुलाखाली चार बोटांवर दांडा चिमटीत धरून दाबा. तो पोकळ लागेल आणि फुलाकडे जाड होत गेलेला दिसेल. ही खूण एकदा हाताला कळली की अंधारातही ओळखाल. दिवाळीच्या सुमारास फुलतं. बागेत शोभेला आणि शेतात हिरवळीचं खत म्हणून ते जगभर फिरलं. आफ्रिकेत केनियाच्या बाजूला त्याचा पाला कापून शेतात गाडतात, पाल्यात नत्र आणि स्फुरद चांगलं असतं. याचाच एक नारिंगी, बुटका भाऊ बागांतून लावतात, तो वर्षायू, म्हणजे वर्षाच्या आत संपणारा.

पाइपाजवळचं मात्र खरं सूर्यफूल, हेलिॲन्थस ॲन्युअस. फांद्यांमुळे गोंधळू नका. आपल्याकडे तेलाचं सूर्यफूल म्हणजे अलीकडची गोष्ट, 1969 साली रशियाकडून त्याच्या जाती आल्या आणि मग पेरा वाढला. हल्ली पेरतात ते संकरित बी. संकरासाठी नर म्हणून जो वाण वापरतात तो बहुतेक वेळा फांद्यांचा असतो. पहिल्या पिढीत तो गुण दबतो, म्हणून शेतात सगळी झाडं एका दांड्याची दिसतात. त्या शेतातलं दाणा म्हणून विकलेलं बी पुन्हा उगवलं की दबलेला गुण काही झाडांत वर येतो. काकांच्या पोपटांनी सांडलेलं बी त्यातलंच. वाण शुद्ध राहिला नाही म्हणून झाडाचं काही बिघडत नाही, उलट फुलं जास्त.

आता वळण्याचं. सूर्यामागे वळतं ते कोवळं झाड, त्याची कळी. दिवसा पूर्वेकडून पश्चिमेकडे, रात्री परत पूर्वेकडे. खोडाची एक बाजू दिवसा जास्त वाढते, दुसरी रात्री, त्यामुळे. वाढ थांबली, फूल उमललं, की वळणंही थांबतं आणि तोंड पूर्वेकडे राहतं. सकाळचं ऊन आधी लागून फूल लवकर तापतं आणि मधमाश्या अशा फुलावर जास्त येतात. पाइपाजवळचं झाड एखाद्या सकाळी बघा. तिथे भिंतीची सावली आहे, त्यामुळे थोडं तिरकं असेल. प्लॉटवरच्याकडून ही अपेक्षा नको.

बाकी पिवळ्यांचं थोडक्यात. रस्त्याच्या दुभाजकात जमिनीलगत पसरलेली, चकचकीत पानांची ती वेडेलिया. चिरलेली पानं आणि नारिंगी-पिवळं फूल, आठ पाकळ्या, तो कॉसमॉस. आणि गवतात बोटाच्या पेराएवढं पिवळं फूल, पुष्कळ अरुंद पाकळ्या, ती सोनकडी. या यादीत आपल्या मातीतली तीच एक, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

ही सगळी परदेशी मंडळी आली कशी, असं मनात आलं असेल. बरीचशी बागांच्या दारातून आली. सयाजीरावांनी कमाटीबागेसारख्या बागा उभ्या केल्या, क्रुम्बिगेल नावाचा जर्मन बागतज्ज्ञ इथे नोकरीला आणला. पुढे तो म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळूरच्या लालबागेचं काम त्याने पाहिलं. त्या काळी देशोदेशीचं बी मागवणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. अमुक झाड अमुक बागेतून निसटलं असं मी म्हणत नाही. पण बागेचं कुंपण बियांना अडवत नाही, हे मी नोकरीभर पाहिलं आहे.

प्लॉटवरच्याचं बी बघून कळवा. मेंढ्यांचं त्यानंतर सांगतो.

मंजिरी_वासणारोड

काका, किती छान समजावलंत! आज सकाळी भाचीला घेऊन गेले होते, दोघींनी मिळून फुलं उलटी केली. वॉचमन लांबून बघत होता, त्याला वाटलं आमचं काहीतरी हरवलंय.

प्लॉटवरचं तुम्ही म्हणता तसंच. पाठीमागची पानं अरुंद, लव असलेली. वाळलेलं डोकं चोळलं तर हातावर पंखांचं बी पसरलं, वाऱ्याने निम्मं उडालं. पंख इतका पातळ की बोटाची रेघ त्यातून दिसते. कडेचं सुरकुतलेलं बी आधी सापडेना. मग भाचीने पाकळी धरून ओढली तर तिच्यासोबतच आलं. पाकळीच्या टोकाला तीन खाचा आहेत, त्याला काही अर्थ आहे का? पान चुरगाळल्याचा वास साबण लावूनही जात नव्हता.

सेवासीला थांबून दांडा दाबला. पोकळ! पाइपाजवळचं पूर्वेकडे बघत नाही, आग्नेयेकडे बघतंय. तिकडेच ऊन येतं.

वॉचमन मात्र ऐकत नाही. म्हणतो, मी लहानपणापासून खरसाणी कापली आहे, मला शिकवू नका.

आहवावाला

वॉचमनची बाजू मी घेतो. आमचं बालपण डांगात गेलं, वडील तिकडे शिक्षक होते.

खरसाणी म्हणजे आपला कारळा. पावसाळा सरता सरता डोंगरउतारावरची शेतं पिवळी होतात, ती हीच. त्याच्या पाकळ्या साधारण आठ, आणि मंजिरीताई, टोकाला तीन खाचा त्यालाही असतात. त्यामुळे समोरून फसायला होतं. पण कारळ्याच्या पानाला देठ नसतो. पान थेट खोडाला बिलगून बसतं, खोडाला मिठी मारल्यासारखं, आणि जवळजवळ सगळी पानं समोरासमोर. राखाडी झाक नाही, हिरवंगार. बी काळं, चकचकीत, पंखबिंख काही नाही. वॉचमनला फूल दाखवू नका, बी दाखवा. खरसाणी कापलेला माणूस बी बघून एका क्षणात बोलेल.

कारळाही इथला नाही, इथिओपियाचा. पण तो आला त्याला इतका काळ लोटला की आपल्या ताटात चटणी होऊन बसला. एकाच झाडाचं परागण त्याला चालत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, म्हणून शेताजवळ मधमाश्या असल्या तर दाणा भरतो. घरी आई भाजून, लसूण-मिरची घालून कुटायची. बडोद्यात आल्यापासून तयार पुडीवर भागवतो, त्यात दाण्याचा कूट निम्मा असतो.

काकांच्या पोपटांवरून आठवलं. भारतातला कारळा अमेरिकेत जातो, तिथे लोक अंगणात पक्ष्यांना घालतात. पण तिथे तो आधी तापवून घ्यावा लागतो, सोबत अमरवेलीच्या जातीचं तण उगवू नये म्हणून. त्यांचं तण आपल्याकडे येताना कोणी तापवलं नाही.

सेवउसळ_रावपुरा

म्हणजे तेल नाही?

आहवावाला

कारळ्याचं निघतं. मंजिरीताईंच्या प्लॉटचं नाही.

गोरवा_केमिस्ट

मेंढ्यांबद्दल मी सांगतो, जुनी_रद्दी काकांची परवानगी गृहीत धरून. औषध कंपनीत नोकरी झाली, हा विषय आमच्या गल्लीतला.

व्हर्बेसिना एन्सेलिऑइडीसमध्ये गॅलेजीन नावाचं द्रव्य असतं. मेंढीच्या पोटात ते पुरेसं गेलं तर फुप्फुसांत आणि छातीच्या पोकळीत पाणी भरतं, धाप लागते आणि जनावर दगावतं. ऑस्ट्रेलियात आणि अर्जेंटिनात अशा मेंढ्या मेल्याच्या नोंदी आहेत. चवीला वाईट असल्यामुळे पोट भरलेली मेंढी सहसा तोंड लावत नाही. उपाशी कळप, दुसरा चारा नाही, अशा वेळी धोका. तुमच्या भरवाडाला नाव माहीत नसेल, पण त्याच्या घराण्यात कोणाचीतरी मेंढी गेली असणार. तो काठी आपटतो ते योग्यच.

आता यातली गंमत. हेच गॅलेजीन युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. ती तिकडे जुन्या काळापासून औषधात होती. गॅलेजीनने रक्तातली साखर उतरते असं दिसलं आणि 1920 च्या दशकात ते माणसांना देऊनही पाहिलं. त्रास फार, म्हणून सोडलं. त्याच रासायनिक घराण्यातलं मेटफॉर्मिन 1922 साली प्रयोगशाळेत तयार झालं होतं, पण मधुमेहासाठी माणसांवर त्याचा वापर पुढे आला तो 1957 मध्ये. आज इथल्या निम्म्या वाचकांच्या डबीत ती गोळी असेल, माझ्या आहे.

हे लिहिल्यावर लगेच पुढचं लिहावं लागतं, कारण आपल्या लोकांची मला कल्पना आहे. प्लॉटवरची पानं तोडून काढा उकळू नका. गोळी वेगळी, पान वेगळं. कारल्याचा रस पिणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण हे कोणी केलं तर घालीन.

मंजिरी_वासणारोड

बाप रे! सासूबाईंच्या मधुमेहाचं मी इथे लिहिलंही नव्हतं. हा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. "मग देवाला वाहिली त्याचं काय?" हा त्यांचा प्रश्न.

वॉचमनला दोन्ही बी दाखवलं. कारळा माझ्या मसाल्याच्या डब्यात होताच. एक नजर टाकली आणि म्हणाला, "आ खरसाणी. ने आ कचरो." निकाल लागला.

जुनी_रद्दी काका, दोन गोष्टी राहिल्या. गच्चीवर कोणतं लावू? आणि सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर यंदा ही दहा-बारा झाडं आली आहेत, मुलं तिथे खेळतात. काढावीत का? कमिटीतले म्हणतात दिसायला छान आहेत, राहू द्या. भाचीला त्याचा वाळवलेला नमुना शाळेत न्यायचा आहे, तोही कसा करायचा ते सांगा.

जुनी_रद्दी

सासूबाईंना सांगा, वाहिल्याने काही होत नाही, प्रश्न खाण्याचा आहे.

गोरव्याच्या भाईंनी माझं काम हलकं केलं. मला एवढंच ठाऊक होतं की आमच्याकडे याचा नमुना आणला की जुने सर म्हणायचे, हात धुऊन डबा उघडा.

कमिटीला माझं मत कळवा: काढा. दहा-बारा आहेत तोवर हे दोन माणसांचं अर्ध्या तासाचं काम आहे, पुढच्या वर्षी नसेल. झाड वर्षायू आहे, म्हणजे त्याचा सगळा जीव बियांत. फुलं उमललेली पण बी पिकलेलं नाही, या टप्प्यावर उपटलं तर खेळ संपला. खोड कापून ठेवू नका, बुडातून फांद्या फुटतात. जमीन ओली असताना मुळासकट ओढलं की सहज येतं. हातमोजे घाला, केसाळ पानाने काहींना खाज येते. वाळलेली डोकी दिसली तर आधी ती पिशवीत तोडून घ्या आणि मगच झाड हलवा, नाहीतर तुम्हीच पेरणी कराल. ढीग करून बाहेर टाकू नका, भरवाडाच्या वाटेवर तर मुळीच नको. मोकळ्या प्लॉटवरची काढायला जाऊ नका, मालक वेगळा, भांडण वेगळं. विश्वामित्रीकाठची तर राहू द्या, तिथे दर पुराबरोबर नवा गाळ येतो आणि गाळाबरोबर नवं बी.

गच्चीवर खरं सूर्यफूल लावा. पोपटवाल्या काकांकडून मूठभर बी मागा. भाजलेलं किंवा मीठ लावलेलं नाही ना, तेवढं बघा. मोठी कुंडी घ्या, निदान दीड वीत खोल, कारण मूळ सरळ खाली जातं आणि रोप हलवलेलं त्याला आवडत नाही. दोन बी जिथल्या तिथे पेरा, जोमदार एक ठेवा. फांद्यांचं निघालं तर शेंडा खुडू नका, आपोआप फुटेल. टिथोनिया गच्चीवर नको. ते झुडूप होतं, कुंडी उलथतं आणि वाऱ्यात मोडतं. ते सेवासीलाच शोभतं.

सोनकडी मिळाली तर मात्र लावून बघाच. छाणीच्या पुढे शेतांच्या बांधावर, पाऊस संपता संपता मिळेल. नर्सरीत विचारू नका, तिथला माणूस तुम्हाला वेडेलिया देईल.

आता नमुना. अख्खं झाड घ्या, मूळ, खालचं पान, वरचं पान, कळी, फूल आणि वाळलेलं डोकं, सगळं एका कागदावर दिसलं पाहिजे. उंच असेल तर खोड इंग्रजी एन अक्षरासारखं दुमडा. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवताना एक फूल समोरून आणि एक पाठीमागून दिसेल असं मांडा, एक पान पालथं घाला म्हणजे राखाडी बाजू दिसेल. मुलं नेहमी सगळी फुलं समोरून चिकटवतात आणि मग ओळखायला काही उरत नाही. वर जाड पुस्तकं ठेवा. पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदला, नाहीतर बुरशी धरते. चकचकीत पुरवणीचा कागद वापरू नका, तो ओल शोषत नाही. साधा बातम्यांचा कागद घ्या. सुटं बी वेगळ्या छोट्या पाकिटात घालून त्याच कागदावर चिकटवा.

आणि चिठ्ठी. शाळेत मुलं नुसतं नाव लिहितात, त्याला काही किंमत नाही. नाव पुढेही शोधता येतं. जागा लिहा, अगदी कोणत्या इमारतीमागचा प्लॉट इथवर. तारीख, जमीन कसली, झाड किती उंच, आसपास किती झाडं होती, वास कसा होता. फुलाचा रंगही लिहून ठेवा, वाळल्यावर पिवळा उडतो आणि दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही की पाकळी पिवळी होती की नारिंगी.